मराठवाड्याच्या बायका बोलल्या होत्या

छत्रपती संभाजीनगरात बाईच्या नावानं उभी असलेली सर्वांत मोठी वास्तू म्हणजे बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ मध्ये वारली आणि तिच्या कबरीवर हा मकबरा उभा राहिला. तो उभारणाऱ्या मुलाचं, आझमशहाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावंही ठाऊक आहेत. मात्र जिच्यासाठी हे सगळं झालं तिचं स्वतःचं म्हणणं या वास्तूत कुठेच नाही.

याच जिल्ह्यात वैजापूर तालुक्यात शिऊर आहे. तिथे संत बहिणाबाईंची समाधी आहे. १६२८ मध्ये वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या या बाईनं जन्म, लग्न, नवऱ्याचा मार, तुकोबांची ओढ, बाळंतपण आणि मनातला झगडा हे सगळं अभंगांत सांगून ठेवलं आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या आत्मकथनांत त्याची गणना करावी लागते. मकबऱ्याकडे देशोदेशीचे प्रवासी येतात. शिऊरची वाट प्रामुख्यानं वारकऱ्यांनाच माहीत आहे.

देशाच्या आणि प्रदेशाच्या इतिहासात बाईचा आवाज का ऐकू येत नाही, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असं, की तिला बोलूच दिलं नाही. ते अर्धंच खरं आहे. मराठवाड्याचा दोन हजार वर्षांचा पट पाहिला तर जवळपास प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी बाई बोललेली आढळते. दगडावर, पोथीत, अभंगात, गझलेत, निबंधात, जात्यावर. म्हणून दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे ठरतात. तिच्या बोलण्याची नोंद कुठे झाली? आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या नोंदीला साधन मानलं का? हा आढावा या दोन प्रश्नांच्या आधारानं घेतला आहे.

राण्यांचे लेख

पैठणच्या सातवाहनांपासूनच सुरुवात करू. महाराष्ट्राच्या ज्ञात राजकीय इतिहासाचं पहिलं पान या घराण्याचं. ते आपण ज्या लेखांवरून वाचतो त्यांतले दोन अत्यंत महत्त्वाचे लेख स्त्रियांचे आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाणी यांचा हिशेब त्यात आकड्यांनिशी मांडलेला आहे. भारतातल्या प्राचीन अंकचिन्हांचा अभ्यास या लेखाशिवाय पुरा होत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिनं लेणं दान दिलं आणि त्या निमित्तानं मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम कोरून घेतला. त्यानं शक, यवन, पल्हवांना हरवलं, क्षहरातांचा वंश संपवला, त्याचं राज्य कुठवर पसरलं होतं, हे आपल्याला मुख्यतः त्याच्या आईच्या या लेखातून कळतं.

शाळेच्या पुस्तकात मात्र गौतमीपुत्र राजा म्हणून येतो आणि बलश्री त्याची आई म्हणून. ती त्या कालखंडाची निवेदक आहे, हे मुलांना सांगितलं जात नाही. दरबारातल्या पुरुषानं राजाचं चरित्र लिहिलं की त्याला आपण चरित्रकार म्हणतो. आईनं ते दगडावर कोरवून घेतलं की ती केवळ दानशूर माता उरते. मोठी घसरण इथेच होते. तिचा मजकूर आपण वापरतो, पण तो तिचा म्हणून सांगत नाही.

याच घराण्यातल्या हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीतही रेवा, माधवी, अणुलच्छी अशा कवयित्रींची नावं टीकाकारांनी नोंदवली आहेत. गोदाकाठच्या शेतीचं आणि घरादाराचं जे चित्र आपण या ग्रंथात पाहतो त्यात बायकांचीही रेघ आहे.

पोथी, अभंग, दिवाण

तेराव्या शतकात महानुभाव पंथानं मराठीला गद्य दिलं. त्या गद्याच्या जडणघडणीत स्त्रिया मध्यभागी होत्या. चक्रधरांच्या निकटच्या शिष्या बाइसा पैठणच्याच. महदाइसा म्हणजे महदंबा. ती सतत प्रश्न विचारायची आणि चक्रधरांची कितीतरी निरूपणं तिच्या प्रश्नांमुळे घडली. रुक्मिणीच्या विवाहावरच्या तिच्या धवळ्यांमुळे ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते ज्यांनी चक्रधरांना पाहिलं, ऐकलं त्यांच्याकडे जाऊन, आठवणी विचारून. त्या सांगणाऱ्यांत बायका होत्या. पुढे धाडीत ग्रंथाच्या प्रती गेल्या तेव्हा अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला. त्यातली एक पाठपरंपरा हिराइसा या स्त्रीच्या नावानं ओळखली जाते. मौखिक इतिहास ही विसाव्या शतकात बाहेरून आलेली पद्धत आहे असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. साक्षीदाराला गाठायचं, त्याचं म्हणणं टिपायचं आणि पाठभेदही जपायचे, ही शिस्त सातशे वर्षांपूर्वी मराठीत रुजली होती. त्या शिस्तीत बाईची आठवण ग्राह्य होती.

बहिणाबाईंचं उदाहरण आणखी खोल जातं. ब्राह्मण घरातली बाई शूद्र मानलेल्या तुकोबांना गुरू करते, त्यासाठी नवऱ्याचा मार खाते आणि तरीही संसार न टाकता आपली वाट काढते. सतराव्या शतकातलं कुटुंब, जात आणि भक्ती यांचे ताण घराच्या आतून दाखवणारं असं दुसरं साधन मिळणं अवघड. वज्रसूची या जातिभेदाचा समाचार घेणाऱ्या संस्कृत ग्रंथाचा आशयही तिनं अभंगांत आणला. आपण तिला संतांच्या यादीत बसवलं. पूजा झाली, पण त्या काळाच्या सामाजिक इतिहासाची साक्षीदार म्हणून तिच्याकडे जावं इतकं तिचं म्हणणं मनावर घेतलं गेलं नाही.

मह लका बाई चंदाचा जन्म १७६८ मध्ये औरंगाबादचा. नंतर ती हैदराबादेत निजामाच्या दरबारात मानाला चढली, मोहिमांवर गेली, जहागिरी मिळवल्या. आज उस्मानिया विद्यापीठ ज्या अडिकमेटच्या परिसरात उभं आहे तो तिच्या जहागिरीचा भाग होता. तिनं दखनचा इतिहास लिहवून घेतला. तिच्या उर्दू गझलांचा दिवाण तिच्या निधनाच्या साली, १८२४ मध्ये आला. दिवाण असलेल्या उर्दूतल्या अगदी पहिल्या स्त्रियांत तिचं नाव घेतलं जातं. वली आणि सिराज औरंगाबादी या शहराच्या वाङ्मयीन अभिमानात आहेत. मह लका तिथे क्वचित भेटते, कारण ती तवायफ होती. बाईच्या शब्दापेक्षा तिच्या चारित्र्याची झडती आधी घेण्याची सवय इतिहासलेखनातही उतरली आहे.

एकोणिसाव्या शतकात हा प्रदेश निजामाच्या राज्यात आणि शेजारचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेल्या शिक्षेवरून वर्तमानपत्रांनी बायकांवर जो चिखल उडवला, त्याला हे उत्तर होतं. जोतिराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. मधली ९३ वर्षं मराठी स्त्रीप्रश्नाची चर्चा ताराबाईंना वगळून चालू राहिली. छापील पुस्तकाची ही गत, तर तोंडी बोललेल्याची काय झाली असेल!

मुक्तिसंग्राम : एका वाक्यातली नावं

आता हैदराबादचा मुक्तिसंग्राम. मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासाचा हा कणा. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, त्याच वर्षी औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरमसाठी लढा दिला, १९४७ च्या ऑगस्टपासून सत्याग्रह आणि सरहद्दीवरच्या छावण्यांतून सशस्त्र प्रतिकार सुरू झाला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचं राज्य संपलं. या लढ्यातल्या स्त्रियांची नावं कोणी घेत नाही असं नाही. दगडाबाई शेळके, आशाताई वाघमारे, प्रतिभाताई वैशंपायन, करुणाताई चौधरी, गीताबाई चारठाणकर, कावेरीबाई बोधनकर, ताराबाई परांजपे, गोदावरीबाई टेके. दर १७ सप्टेंबरच्या पुरवणीत ही नावं येतात. येतात ती बहुतेक वेळा अशीच, स्वल्पविरामांनी जोडलेली, एका वाक्यात. नेत्यांना प्रकरणं मिळतात, कार्यकर्त्यांना परिच्छेद आणि स्त्रियांना यादी.

बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाईंना मराठवाड्याची झाशीची राणी म्हणतात. गौरवाचाच भाव आहे त्यात. पण राणीच्या उपमेखाली शेतकरी घरातल्या बाईची स्वतःची गोष्ट झाकली जाते. हत्यारं आणि निरोप पोचवणारी ही बाई त्या कामात कशी आली, घरच्यांनी काय म्हटलं, गावानं नंतर कसं वागवलं, हे प्रश्न उपमेनं सुटत नाहीत. भूम तालुक्यातल्या ईटच्या गोदावरीबाई टेके निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांशी झुंजताना प्राणाला मुकल्या. त्यांची आठवण हुतात्म्यांच्या नामावळीत आहे. त्यांचं आयुष्य मात्र त्या एका दिवसापुरतं आक्रसलं आहे.

असं का झालं याचं एक ठोस कारण सरकारी नोंदींच्या स्वरूपात आहे. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिकांची निवृत्तिवेतन योजना १९७२ मध्ये सुरू झाली. पात्रतेसाठी साधारण सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा तितक्या भूमिगत काळाचा पुरावा लागायचा. स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तुरुंगवासाची अट तीन महिन्यांवर आणली होती. ही सवलत योग्यच, तरी मोजमाप तेच राहिलं : तुरुंग, वॉरंट, फरारीची नोंद. भूमिगत माणसाला ज्या घरानं भाकरी दिली, ज्या बाईनं दारात आलेल्या पोलिसाला थोपवून धरलं, सरपणाच्या मोळीतून वस्तू पुढच्या गावी नेली, पुरुष छावणीत असताना शेत आणि लेकरं सांभाळली, तिच्या नावाचं वॉरंट कोण काढणार? पकडली न जाणं हेच तिच्या कामाचं यश होतं आणि त्या यशानंच तिला कागदातून पुसून टाकलं. पुढे त्याच फायली इतिहासकारांची साधनं बनल्या. अशा रीतीनं निवृत्तिवेतनाची अट नकळत इतिहासाची व्याख्या होऊन बसली.

या काळाची आणखी एक बाजू आहे. तिच्याबद्दल बोलायला आपण कचरतो. रझाकारांच्या अत्याचारांत बायका होरपळल्या. निजामाचं राज्य संपवणाऱ्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईनंतरच्या सूडाच्या लाटेत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं त्यातही बायकाच सर्वांत असहाय होत्या. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं तेव्हाच अहवाल दिला होता. किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज त्यात आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. स्त्रियांवरच्या अत्याचारांचीही नोंद त्यात आहे. हा अहवाल कित्येक दशकं सामान्य वाचकापासून दूर राहिला. मुक्तीचा आनंद खरा होता आणि हे दुःखही खरं होतं. दोन्ही बाजूंच्या बायकांनी ते सोसलं आणि दोन्हीकडे घराच्या इभ्रतीसाठी त्यांना गप्प बसवलं गेलं. पंजाबातल्या फाळणीबद्दल उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ मध्ये आलेल्या पुस्तकांतून बायकांना बोलतं केलं. तसं धैर्य मराठवाड्याच्या १९४८ बद्दलही दाखवायला हवं.

आम्हीही घडवला

ज्यांनी ही चाकोरी मोडली त्यांची कामं आपल्या आसपासच झाली आहेत. हैदराबाद संस्थानाच्याच तेलंगण भागात त्याच वर्षांत शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा झाला. त्यातल्या स्त्रियांना हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं शोधून बोलतं केलं. तेलुगूत आणि मग १९८९ मध्ये इंग्रजीत त्यांच्या मुलाखतींचं पुस्तक आलं. लढ्यात बंदूक घेतलेल्या बायकांना लढा संपल्यावर पुन्हा चुलीकडे कसं पाठवलं गेलं हे त्या स्वतः सांगतात. संस्थान एक, काळ एक. तेलंगणात त्यांना प्रकरणं मिळाली, कारण कोणीतरी जाऊन विचारलं.

त्याच १९८९ मध्ये मराठीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेत त्या गावोगाव हिंडल्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली होती. तिला हजारोंनी जमलेल्या बायकांमागे कोणत्या वस्त्या आणि कोणती घरं होती हे या कामामुळे कळलं. औरंगाबादला या परंपरेत खास स्थान आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. नागसेनवनात मराठवाड्याच्या खेड्यांतली पहिली पिढी शिकली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला, मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत ज्या बायकांनी जळालेलं घर पुन्हा उभारलं, गाव सोडून शहरात बिऱ्हाड थाटलं, मोर्च्यात लेकरू कडेवर घेऊन चालल्या आणि तुरुंगात गेल्या, त्या आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांना गाठणं अजून सहज शक्य आहे.

तिसरं मोठं काम जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. पुढे ‘परी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहानं तो ठेवा लोकांसमोर आणला. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बायका बाबासाहेबांवर गातात. अक्षरओळख नसलेल्या बाईचं राजकीय मत नोंदवणारं हे साधन आहे. ओवीला आपण लोकसाहित्य म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलं. इतिहासाच्या वर्गात ती आली तर नेता गावात कसा पोचला याचा पुरावा तिथे मिळेल.

१९७२ च्या दुष्काळाचंही तसंच. मराठवाड्यात खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामावर बायका मोठ्या संख्येनं आल्या. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. त्याचं श्रेय वि. स. पागे यांना देतात आणि ते रास्त आहे. पण काम मागायला रांगेत उभ्या राहिलेल्या आणि मजुरीसाठी तहसीलवर गेलेल्या बायकांच्या रेट्यावाचून ती कल्पना कायद्यापर्यंत पोचली नसती. पुढे देशभर पोचलेल्या रोजगार हमीचं मूळ इथल्या मस्टरवरच्या अंगठ्यांत आहे.

आता करायचं काय

या आढाव्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. बाईचा शब्द जिथे तिच्या हातच्या साधनात उतरला, दानलेखात, अभंगात, दिवाणात, ओवीत, तिथे तो टिकला. जिथे नोंद ठेवण्याचं काम सरकारी फायलीकडे किंवा पक्षाच्या कचेरीकडे गेलं, तिथे तो गळाला. टिकलेल्या शब्दालाही आपण भक्ती, साहित्य, लोककला अशा कप्प्यांत घालून इतिहासाच्या बाहेर ठेवलं.

आठवण चुकते, वाढवून सांगितली जाते, सोयीचं तेवढं लक्षात राहतं, हा आक्षेप योग्य आहे. पण बलश्रीही मुलाच्या प्रेमानंच लिहीत होती आणि पोलिसांचा अहवालही कोणाची तरी बाजू घेऊनच लिहिलेला असतो. दोन्ही साधनं एकमेकांवर घासून पाहायची असतात. आज घासायला एकच हातात आहे, ही खरी अडचण.

शहरात साधनांची वाण नाही. विद्यापीठात ताराबाई शिंदे यांच्याच नावाचं स्त्री अभ्यास केंद्र आहे. स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था आहे. मराठवाडा साहित्य परिषद आहे. तालुक्यातालुक्यात महाविद्यालयं आहेत. इतिहासाच्या आणि मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यानं आपल्या गावातल्या एका वृद्ध बाईची मुलाखत घ्यावी, ती तिच्या बोलीत ध्वनिमुद्रित व्हावी, तिची संमती घ्यावी आणि तो संग्रह या संस्थांनी एकत्र जपावा. मराठवाडी, दखनी, गोरमाटी, सगळ्या बोलींत. मात्र प्रश्न विचारण्याची रीत बदलावी लागेल. लढ्यात तुम्ही काय केलं, असं विचारलं की बाई म्हणते, काही नाही. त्या वर्षी घरात किती माणसं जेवायला असायची, ज्वारी कुठे लपवली होती, रात्री दार कोण उघडायचं, गाव कधी सोडलं आणि परत कधी आलात, असं विचारलं की उत्तर सुरू होतं.

पाठ्यपुस्तकांपुरता बदल तर उद्याही करता येईल. गौतमीपुत्राच्या धड्यात ही माहिती त्याच्या आईनं कोरवून घेतलेल्या लेखातून मिळते, असं एक वाक्य घाला. सतराव्या शतकाच्या धड्यात शिऊरच्या बहिणाबाईंची साक्ष काढा. मुक्तिसंग्रामाच्या धड्यात यादीतल्या एका तरी नावाला एक पान द्या.

१९४८ साली चौदा-पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून गेली आहे. मराठवाड्याच्या मुक्तीची शताब्दी २०४८ मध्ये येईल. त्या वेळी निघणाऱ्या ग्रंथांत स्त्रियांना प्रकरण मिळेल की पुन्हा स्वल्पविरामांची एक ओळ, याचा निर्णय २०४८ मध्ये होणार नाही. पुढच्या दोन-चार वर्षांत आपण कोणाच्या दारात जातो, काय विचारतो आणि ऐकलेलं किती इमानानं उतरवून ठेवतो, यावरच तो होणार आहे.